चोवीस दातांचं तोंड

तीन केबली आणल्या होत्या कुराशिगेंनी,
तिन्ही पांढऱ्या, तिन्ही नव्याकोऱ्या,
एकीवर अजून किमतीची चिठ्ठी.
टोकं बघा, म्हणाले, सारखीच आहेत ना?
मग टीव्हीवर चित्र का येत नाही?

टोकांवर जाऊ नका, म्हटलं.
तोंडं सारखी म्हणून पोटं सारखी नसतात.
ही नुसती वीज वाहते, पाणक्यासारखी;
चित्राचं ओझं दिलंत तर वाटेतच बसेल.
हिच्या पोटात तेवढ्या ताराच नाहीत.
अन् ही तिसरी,
हिच्याविषयी मी काही बोलत नाही.

हाकोदातेत नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
खाली ट्राम वळली
की टेबलावरचे स्क्रू बशीत थरथरतात.
ती जाईपर्यंत थांबले,
मग यंत्र भिंगाखाली घेतलं.
खालच्या कडेला ते तोंड, करंगळीच्या नखाएवढं.
बारा दात वर, बारा खाली.
उलटं घाला, सुलटं घाला, कुरकूर नाही.
माणसांत असं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.

वरच्या रांगेत दोन दात हिरवे पडले होते.
समुद्र, म्हटलं. खारा वारा.
खिडकीत असतं ते, म्हणाले,
नाओएच्या खोलीत.
खिडकी मी रोज उघडतो.

नाओए सेंदाईला गेली त्याला चार वर्षं झाली.
एवढं त्यांनी सांगितलं.
पुढचं मी विचारलं नाही,
स्पिरिटमध्ये ब्रश बुडवला.

डॉक म्हणजे शेवटी गोदीच.
पण होडीसारखं आपटून लागायचं नसतं तिथे.
बसवल्याबरोबर काही होत नाही.
आधी पाच व्होल्टवर, उंबऱ्याबाहेरच,
हलक्या आवाजात विचारपूस चालते:
तुझ्याकडे काय काय आहे?
नऊ आहेत? पंधरा?
पंधरा दे. सांभाळून दे.
हो म्हटल्यावरच पंधरा येतात.
स्वस्तातले डॉक विचारत बसत नाहीत, थेट ओततात.
तसली जळकी यंत्रं माझ्याकडे खोकंभर पडली आहेत.

हातातला पडदा विझला.
दोन श्वास कुठेच काही नव्हतं.
या दोन श्वासांत गिऱ्हाईक नेहमी माझ्याकडे बघतं,
कुराशिगे टीव्हीकडेच बघत राहिले.

मग डोंगर आला, भिंतभर.
घाटाच्या वळणावर टपालाची सायकल,
सायकलवर पिवळ्या टोपीची मुलगी,
खाली आकडा: एकशे सत्तेचाळीस तास.
टोपी पिवळी आहे होय, म्हणाले.
मोतीबिंदूनंतर छोट्या पडद्यावर
त्यांना नुसता ठिपका दिसायचा.

पुढे जायला मी बटण दाबलं.
माझ्या डॉकला नेटची तार कायम जोडलेली असते,
विसरलेच होते मी.
चार वर्षांनी त्या यंत्राला बाहेरचं वारं लागलं
आणि डोंगरावर पाटी आली:
हे खातं सध्या दुसऱ्या यंत्रावर खेळत आहे.
इथे सुरू केल्यास तिथला खेळ थांबेल.

त्यांनी ती दोनदा वाचली.
दुसऱ्यांदा मोठ्याने.
सध्या म्हणजे?
आत्ता, म्हटलं.
घड्याळात पाच वीस.
या वेळी ती कामावर असायला हवी, म्हणाले,
आणि लगेच,
नाही, आज बुधवार. सुट्टी असेल.

मी काही बोलायच्या आत त्यांचा हात पुढे आला.
थांबवायचं कुठलं? हे?
नाही, ते दाबलंत तर तिचा खेळ थांबेल. त्याच्या शेजारचं.
त्यांनी शेजारचं दाबलं,
झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटावं तसं.
पाटी गेली. डोंगर राहिला.
पिवळी टोपी तिथेच उभी,
एक पाय पायडलवर.

माझी आखूड, जाड केबल घेतली त्यांनी,
आपल्या तिन्ही इथेच ठेवल्या.
जिन्यात थांबून वर वळून म्हणाले,
खिडकी उघडी ठेवली तर पुन्हा गंजेल का हो?
गंजेल.
बरं. मग आणीन पुन्हा.